आमेनच्या आधीची एक मात्रा

या, जरा जवळ सरका. हे मोठ्यानं सांगायचं नाहीये.

आणि आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या घरात घडलेली आहे. अर्धीअधिक मी डोळ्यांनी पाहिली. उरलेली मामाने स्वतः सांगितली, अगदी शेवटी, माझा हात हातात घेऊन. माणूस त्या वेळी खोटं बोलत नाही.

भुताची गोष्ट म्हटली की मध्यरात्र लागते, नाही? इथे ती नाही. हे सगळं घडलं थंडीच्या दिवसांत, दिवेलागणीच्या वेळी, आणि शेवटचं तर रविवारी सकाळी, भरल्या चर्चमध्ये, लख्ख उन्हात.

म्हणूनच मला अजून त्याची भीती वाटते.

मामा चाली बांधायचा, मामी शब्द लिहायची. आमच्या मंडळीत जी गीतं गायली जायची त्यातली निम्मी या दोघांच्या स्वयंपाकघरात जन्मलेली. मला लहानपणापासून सुरात सांगितलेल्या उपदेशाचं वेड. नुसतं प्रवचन सुरू झालं की माझी मान डुलायला लागते, पण तोच उपदेश कुणी गाऊन सांगितला की डोळ्यांना पाणी येतं. त्यामुळे मी सदा त्यांच्याकडे पडीक.

त्या घरातली भांडणंसुद्धा मात्रांवरून व्हायची.

"अगं, या ओळीत दोन मात्रा जास्त झाल्यात. माणसं धापा टाकतील."

"मग तुमच्या चालीला सांगा, जरा दमानं घे म्हणून. माझा शब्द कापायचा नाही."

"शब्द कापत नाही, नुसती नखं काढतो."

"आधी स्वतःची काढा. पायपेटीवर खटखट वाजतात."

पायपेटी म्हणजे पायानं भाता मारायची ती मोठी, कपाटाएवढी पेटी. एक चर्चमध्ये होती, एक जुनी त्यांच्या घरी. घरच्या पेटीखाली, मामाच्या पायांशी बसून, त्यांची मुलगी खडूने चित्रं काढायची.

तिला सगळे शेपटी म्हणायचे.

कारण ती एकच चित्र काढायची. कोकरू. आणि कोकराची शेपूट कोकराएवढीच मोठी. शिवाय गाण्यातही ती शेपटीच. सगळ्यांची ओळ संपली की एक मात्रा मागून हिचा आवाज यायचा. कितीही शिकवा, वेळेवर म्हणून यायचीच नाही. "मी आले ना, मग झालं," असं वर तोंड करून सांगायची.

तिला झोपवायला मामीने एक सांजगीत लिहिलं होतं. त्याची शेवटची ओळ अशी...

'मेंढपाळा, दार लावी, कोकरू आले घरी.'

दोघं ही ओळ म्हणून थांबायची. आणि एक मात्रा मागून, झोपाळलेला, बारीक आवाज यायचा.

"आले घरी..."

मग, "अजून एकदा. मग झोपते."

त्या गीताला मामाने आमेन कधीच लावलं नाही. आमच्याकडे प्रत्येक गीताच्या शेवटी पेटीवर दोन स्वरमेळ वाजतात, एक 'आ'ला, एक 'मेन'ला. मामा म्हणायचा, "आमेन म्हणजे गाण्याची कडी. ती सरकवली की गाणं बंद." पण घरची पेटी जुनी, आमेन वाजवून भाता सोडला की मोठा खटका बसायचा आणि पोर टक्क जागी व्हायची. म्हणून सांजगीत तसंच सोडून द्यायचे. कडी न लावता.

शेपटीला घशाचा आजार झाला. थोडक्यात सांगते, मला ते लांबवता येत नाही. शेवटच्या संध्याकाळी मामी गात होती. शेपटीने म्हणायला तोंड उघडलं. ओठ हलले... आवाज आलाच नाही. श्वास पुरला नाही.

ती ओळ अर्धीच राहिली.

त्यानंतर मामीने लेखणी हातात घेतली नाही. बोलणंही बंद केलं. दिवसभर खिडकीशी बसायची. ताट पुढे ठेवलं की घास मोडायची, आणि तो तसाच परत ठेवायची. मामा पेटीशी बसायचा, पण बोटांना काही सुचत नव्हतं. एकाच घरात दोघं, आणि दोघांच्या मधे ती शांतता एखाद्या पाहुणीसारखी ठाण मांडून बसलेली.

अशात चर्चच्या वर्धापनाचा रविवार जवळ आला. पाळकसाहेबांनी मामाला बोलावलं. एका जुन्या गीतकाराचे शब्द होते, आनंदाचं स्तोत्र, त्याला चाल नव्हती.

"जमेल तेवढंच करा," पाळकसाहेब म्हणाले. "जबरदस्ती नाही. पण हात कामात असले की बरं असतं."

मामाने खूप खटपट केली. काही केल्या चाल उतरेना.

आता गीतवाल्यांची एक सवय सांगते. दोन गीतांचं माप एक असलं, म्हणजे ओळीओळीच्या मात्रा जुळल्या, की एकाची चाल दुसऱ्याला चढवतात. शिंप्यानं एकाच मापाचा सदरा दोन भावांना घालून बघावा तसं. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

या जुन्या शब्दांचं माप आणि सांजगीताचं माप एकच होतं.

मामाच्या लक्षात आलं तेव्हा बोटं आधीच त्या चालीवर गेली होती. त्याने ठेका जलद केला, दोन जागा बदलल्या. कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही अशी केली.

बस, एवढीच चूक. चाली बांधणारा माणूसच करेल अशी.

पहिला सराव संध्याकाळी झाला. आम्ही दहाबारा जण. चर्चमध्ये थंडी इतकी, की गाताना तोंडातून वाफ निघत होती. आमचे घागरकाका, ज्यांचा खर्ज रिकाम्या घागरीतून आल्यासारखा घुमायचा, ते हात चोळत म्हणाले, "मंडळी, आज आपण गात नाही, उकळतोय." सगळे हसले. मामाही थोडा हसला.

गीताची शेवटची ओळ होती, 'आज आनंदे पुकारा, थोर त्याची चाकरी.'

ओळ संपली. मामाने हात उचलला. आमच्या मंडळीचा नियम आहे, सरावात आमेन म्हणायचं नाही. आमेन ही प्रार्थना, तिचा सराव करत नाहीत. त्यामुळे ओळ संपली की सगळं एकदम गप्प.

एक मात्रा गेली.

आणि मग... वरच्या रिकाम्या सज्जातून...

"आले घरी..."

घागरकाकांच्या तोंडातली वाफ तिथल्या तिथे थांबली.

"वर कोण आहे रे?" त्यांनी विचारलं. नेहमीचा घुमणारा आवाज पार बसला होता.

मी वर जाऊन आले. सज्जात धूळ होती. धुळीवर एकही पाऊल नव्हतं.

मामा पेटी मिटून घरी गेला. दार ढकललं तर मामी खिडकीशी नव्हती. दाराशी उभी होती. अंगावर शाल, पायात चपला.

किती दिवसांनी ती बोलली!

"तुम्ही वाजवलंत ना? मी इथून ऐकलं. ती आली होती ना?"

चर्च तिथून दोन गल्ल्या पलीकडे होतं.

दुसऱ्या सरावाला मामी आली. शेवटच्या बाकावर बसली. मामाने दुसरी चाल लावून बघितली होती म्हणे, पण मामीने त्याच्या पायाशी बसून विनवलं. "तीच वाजवा. मी तुमचं सगळं ऐकेन. जेवेन, झोपेन. पण तीच वाजवा."

ती खरंच जेवली त्या दिवशी. मामाला वाटलं, देव पावला.

गीत झालं. मात्रा गेली.

"आले घरी..."

आता आवाज सज्जातून नव्हता. जिन्यावरून होता.

मामीच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की मला रडू फुटलं. मी तिच्याकडेच बघत होते, म्हणून मला दिसलं. आम्हा सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. मामीचे ओठ त्या आवाजाबरोबर हलत होते...

आणि तिच्या तोंडासमोर वाफ नव्हती.

आवाज थांबला तशी ती पुढे वाकून धापा टाकायला लागली. पाण्यातून वर काढल्यासारखी.

मी मामाला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, "थंडीनं होतं तसं." पण माझ्याकडे न बघता म्हणाला.

त्यानंतर प्रत्येक सरावाला तो आवाज जवळ येत गेला. जिन्यावरून दाराशी. दारापासून मधल्या वाटेवर. आणि प्रत्येक वेळी जास्त मोकळा, जास्त दमदार. शेपटी जिवंतपणी एवढी खणखणीत कधी गायली नव्हती. काहीजण सरावाला यायचे बंद झाले. घागरकाका मात्र आले. "लेकरू आहे ते," म्हणाले. "लेकराला काय भ्यायचं?" पण गाताना मधल्या वाटेकडे पाठ करायचे नाहीत.

इकडे मामी ओसरत चालली. ओठ निळसर, नखं निळी. दोन पायऱ्या चढली की भिंत धरायची. डॉक्टर येऊन गेले. छाती तपासली, पाठ ठोकली.

"फुप्फुसं ठीक आहेत," ते म्हणाले. "पण श्वास कुठे जातोय तेच कळत नाही."

मामाला कळलं. त्या रात्री त्याने तिला स्पष्ट विचारलं.

"तू तिला श्वास देतेयस?"

"तिला पुरत नव्हता हो. माझ्याकडे आहे की."

"आणि तुला?"

"मी आई आहे ना?"

"मी कोण आहे मग? तू गेलीस तर मी कुणाच्या शब्दांना चाल लावू? तीही गेली, तूही निघालीस... माझ्यासाठी काय ठेवलंय तुम्ही? ही पेटी?"

मामीने त्याच्या गालावर हात ठेवला. हात गार होता. "रविवारी आमेन वाजवू नका," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना, कडी लागते म्हणून."

मामा तसाच उठून पाळकसाहेबांकडे गेला. सगळं सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही.

"आमेन कुणाला हाकलायला नसतं," ते म्हणाले. "सोपवायला असतं. तुम्ही लेकरू मातीला दिलंत, पण देवाच्या हाती अजून दिलं नाहीत. द्या आता. बायको वाचवायची असेल तर गीत पुरं करा."

मामाने ठरवलं. शेवटची ओळ संपली की थांबायचं नाही. हात उचलायचाच नाही. ती एक मात्रा ठेवायचीच नाही. ओळीला चिकटून आमेन. शेपटीला शिरायला फटच नको.

बाप होता हो तो! हे ठरवताना त्याने घरच्या पेटीखालची फळी धरून ठेवली होती. तिथे अजून खडूचं एक कोकरू होतं, मोठ्या शेपटीचं.

रविवार उजाडला. चर्च गच्च भरलं होतं. काचांतून ऊन आत आलं होतं. मामीला दोघींनी धरून आणलं आणि पहिल्या बाकावर, पेटीच्या समोरच बसवलं. आदल्या दिवसापासून ती बोलली नव्हती. नुसती मामाच्या बोटांकडे बघत होती.

गीत सुरू झालं. एवढी माणसं, एवढे आवाज. मला वाटलं, आज काही होणार नाही. आनंदाचं स्तोत्र आहे, उजेड आहे, प्रभूचं घर आहे.

तिसऱ्या कडव्याला मामाला पायाशी काहीतरी जाणवलं.

पेटीच्या खाली... त्याच्या पोटरीला टेकून... कुणीतरी बसलं होतं. शेपटी बसायची तसं. वजन तेवढंच. ऊबही तेवढीच.

त्याने खाली बघितलं नाही. भाता मारत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, स्वर दिसत नव्हते, बोटं सवयीने चालत होती.

शेवटचं कडवं. शेवटची ओळ.

'आज आनंदे पुकारा, थोर त्याची चाकरी.'

आता. आता लगेच.

आणि मामा थांबला.

नंतर मला म्हणाला, "पोरी, मला माहीत होतं. सगळं माहीत होतं. पण एकदाच ऐकायचं होतं. तिचा आवाज, इतक्या जवळून... फक्त एकदा."

एक मात्रा.

"आले घरी!"

भरल्या चर्चमध्ये तो आवाज सगळ्यांनी ऐकला. पेटीखालून नव्हता. सज्जातून नव्हता. तो पहिल्या बाकावरून आला.

मामीच्या उघड्या तोंडातून.

मामाने आमेन वाजवलं. दोन्ही स्वरमेळ, पूर्ण ताकदीने. मंडळीने घाबरून मोठ्याने म्हटलं, "आ... मेन."

भाता सुटला. घरच्या पेटीसारखाच खटका बसला.

मामी बाकावरून खाली कोसळली. मामा पेटीला वळसा घालून धावला, तिचं डोकं मांडीवर घेतलं. पायाशी आता कुणी नव्हतं. चर्चमध्ये कुणाचा श्वास ऐकू येत नव्हता.

आणि मग तिने श्वास घेतला. लांब, खोल. ओठ लाल झाले. तोंडातून वाफ निघाली, पांढरीशुभ्र. घागरकाका तर हुंदके देऊन रडायला लागले. "वाचली! वाचली रे!" पाळकसाहेबांनी गुडघे टेकले.

मामीने डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं. स्वतःच्या पावलांकडे बघितलं, जरा नवल वाटल्यासारखं. मग मामाचा अंगठा शोधून आपल्या मुठीत घट्ट धरला.

मामाचा चेहरा मी तेव्हा बघितला. बाकी सगळे देवाचे आभार मानत होते. तो एकटा रडायचा थांबला होता.

अंगठा असा मुठीत कोण धरायचं, ते त्याला आणि मला, दोघांनाच माहीत होतं.

डॉक्टर म्हणाले, दुःखाचा धक्का आहे, येईल हळूहळू ताळ्यावर. मामी धडधाकट झाली. भूक लागायची, हसायची सुद्धा. पण लिहिणं गेलं. वाचणंही. मी एकदा तिच्या हातात पेन्सिल दिली. तिने ती मुठीत पकडली आणि कागदावर वाकून, जीभ बाहेर काढून, काहीतरी काढलं.

बघितलं आणि मी कागद दुमडून टाकला.

मामाने तो कधी बघायला मागितला नाही.

त्याने पुन्हा चाल बांधली नाही. सकाळी तिचे पांढरे होत चाललेले केस विंचरायचा, वेणी घालायचा. संध्याकाळी शेजारी बसून तेच सांजगीत म्हणायचा. घरची पेटी त्याने कधीच विकली नाही, पण तिच्यासमोर कधी बसलाही नाही. लोक म्हणायचे, नवरा असावा तर असा. तो ऐकून घ्यायचा. अशी कितीतरी वर्षं गेली. मग तीही गेली, आणि तिच्या मागोमाग मामा.

तिच्या दफनाला मी कबरीशी उभी होते. पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं, आम्हीही म्हटलं. मी श्वास रोखून थांबले... एक मात्रा.

काही नाही. नुसता वारा.

त्या कबरीत कोण आहे, मला माहीत नाही. देवाला माहीत. जाताना मामा मला एवढंच म्हणाला, "तुझ्या मामीला कुणी निरोपच दिला नाही गं. ती गेली तेव्हा सगळे वाचली वाचली म्हणत होते. आणि मीही लेक परत आली म्हणून गप्प बसलो."

ते सांजगीत आता पुष्कळ ठिकाणी गातात. शेवटी आमेन जोडलंय कुणीतरी. चालीखाली मामाचं नाव असतं. शब्दांखाली नुसतं लिहिलेलं असतं, 'अज्ञात'.

मी अजून गायनमंडळात आहे. ते गीत आलं की माझे हात गार पडतात. शेवटच्या ओळीनंतर मी कान झाकून घेते, आणि तरीही ऐकत असते.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. कधी एखाद्या संध्याकाळी, कुठल्याशा चर्चमध्ये, मेंढपाळ आणि कोकराचं ते गीत कानी पडलं, तर शेवटच्या ओळीनंतर थांबू नका. लगेच आमेन म्हणा. एकही मात्रा मधे सोडू नका.

पण म्हणताना त्या बाईची आठवण ठेवा, जिने ते शब्द लिहिले. तिच्यासाठी अजून कुणी आमेन म्हटलेलं नाही.